उताऱ्यात ‘नाही’ लिहिलंय की ‘सापडलं नाही’?



नेटची किंवा पीएचडी प्रवेशाची तयारी करताना इंग्रजी उताऱ्याचा भाग आपण बहुतेक जण शेवटी ठेवतो. ‘त्यात काय, उत्तरं समोरच तर असतात!’ मीही तेच म्हणायचे. आज मला या भागाच्या तयारीची जी पद्धत सर्रास शिकवली जाते, तिच्याबद्दल लिहायचं आहे. त्या पद्धतीने मला परीक्षेत उताऱ्याचे पाचही प्रश्न बरोबर आले, आणि त्याच पद्धतीने वाचायची सवय लागल्यामुळे पीएचडीचा एक अख्खा हंगाम वाया गेला.

पद्धत काय आहे?

कुठलंही गाईड उघडा किंवा क्लासच्या नोट्स बघा, साधारण या चार सूचना दिसतील:

१. आधी प्रश्न वाचा, मग उतारा.
२. प्रश्नातला मुख्य शब्द पकडून उताऱ्यात शोधा.
३. तो शब्द ज्या ओळीत सापडेल, तिच्या आसपासच उत्तर असतं.
४. पर्यायात ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘नेव्हर’ असं काही दिसलं की तो पर्याय बाद.

ही पद्धत कुठून आली हे समजण्यासारखं आहे. यूजीसी-नेटमध्ये दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न आणि वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पेपर एकमध्ये उताऱ्यावर पाच प्रश्न, म्हणजे उतारा वाचण्यासकट सहा मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. अशा वेळी ‘शोधा आणि टिक करा’ हा सल्ला चालणारच. आणि ‘कोणत्या वर्षी’, ‘किती टक्के’ अशा माहितीच्या प्रश्नांना तो खरंच चालतो. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

माझी तक्रार पुढची आहे. ही पद्धत शब्द शोधायला शिकवते, वाक्याचं वजन बघायला शिकवत नाही. लेखक ठामपणे सांगतोय, अंदाज करतोय, की दुसऱ्याचं मत मांडून ते खोडतोय, हे वजन. संशोधनात सगळा खेळ त्या वजनाचा असतो.

माझी चूक

माझा विषय विहिरींच्या पाण्याचा. सिनॉप्सिस लिहिताना आमच्या भागातल्या विहिरींवरचा एक जुना पेपर हाताशी होता. मी तो परीक्षेतल्यासारखाच वाचला. मला हवे होते धातू, म्हणून धातूंची नावं शोधली, तक्ता सापडला. कॅडमियमच्या रकान्यात सगळीकडे ‘एनडी’ लिहिलेलं, म्हणजे ‘नॉट डिटेक्टेड’. मी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकलं: या भागात कॅडमियम नाही, त्यामुळे अभ्यासातून वगळले आहे.

एप्रिल-मेचे नमुने गोळा झाले. नायट्रेट, फ्लोराइड वगैरेंसाठी. धातूंचे नमुने घेताना ते जागेवरच नायट्रिक आम्ल घालून टिकवावे लागतात. मला धातू बघायचेच नव्हते, त्यामुळे त्या बाटल्या मी भरल्याच नाहीत.

सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर प्रेझेंटेशन झालं. एका सरांनी तो पेपर मागवला, चाळला आणि विचारलं, “यात कॅडमियम ‘नाही’ असं लिहिलंय, की ‘सापडलं नाही’ असं?”

मला प्रश्नच कळला नाही. सरांनी पेपरातल्या पद्धतीच्या विभागातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्या उपकरणाची मोजण्याची खालची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम होती. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० कॅडमियमला मुभा देतं ०.००३ मिलिग्रॅमची. म्हणजे एखाद्या विहिरीत मुभेच्या तिप्पट कॅडमियम असतं, तरी त्या तक्त्यात ‘एनडी’च आलं असतं! लेखक खोटं बोलला नव्हता. त्याने जेवढं म्हटलं होतं, त्यापेक्षा जास्त मी वाचलं होतं.

पावसाळा येऊन गेला होता. पुढच्या उन्हाळ्याची वाट बघण्यापलीकडे काही हातात नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “तू पेपर वाचला नाहीस, त्यात शोधलंस.” ते जास्त लागलं.

एक उतारा करून बघू

आता हीच चूक परीक्षेत कशी होते ते बघा. मी एक छोटा उतारा तयार केलाय. परीक्षेत तो इंग्रजीत असेल, पण मुद्दा भाषेचा नाही, म्हणून मराठीतच देते:

*‘तळ्यात शेवाळ किती वाढेल हे केवळ फॉस्फरसवर ठरतं, असं अनेक वर्षं मानलं गेलं. अलीकडच्या काही प्रयोगांत मात्र नायट्रोजन वाढवल्यावरही वाढ दिसून आली. या निरीक्षणांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तरीही हे प्रयोग बाटल्यांमध्ये आणि काही दिवसांपुरते झाले होते. पूर्ण तळ्यांच्या दीर्घ अभ्यासांशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी समजूत सोडून देणं घाईचं ठरेल.’*

प्रश्न: नव्या प्रयोगांबद्दल लेखकाचं मत काय?

(अ) त्यांनी जुनी समजूत चुकीची ठरवली.
(ब) ते छोटे असल्यामुळे निरुपयोगी आहेत.
(क) ते महत्त्वाचे आहेत, पण पुरेसे नाहीत.
(ड) त्यांमुळे तळ्यांमधला नायट्रोजन कमी करण्याची गरज सिद्ध होते.

शब्द शोधणारा ‘प्रयोग’ शोधतो, दुसऱ्या वाक्यावर पोचतो, तिथे ‘मात्र’ आणि ‘वाढ दिसून आली’ वाचतो आणि (अ) टिक करतो. सूचनेप्रमाणे उत्तर ‘आसपास’च मिळालं ना! बरोबर उत्तर (क) आहे, आणि ते कुठल्याही एका ओळीत नाही. ‘दुर्लक्ष करता येणार नाही’ आणि ‘घाईचं ठरेल’ या दोन टोकांच्या मधे ते आहे.

आता दुसरा प्रश्न: जुनी समजूत काय होती? बरोबर पर्यायात ‘केवळ फॉस्फरस’ असणार, म्हणजे इंग्रजीत ‘ओन्ली’. चौथ्या सूचनेप्रमाणे तुम्ही नेमका बरोबर पर्यायच बाद कराल. ‘ओन्ली’ हा शब्द वाईट नसतो. तो कोणाच्या तोंडी आहे हे बघायचं असतं.

उतारा माझा असला तरी वाद खरा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये एक्स्पेरिमेंटल लेक्स एरिया नावाची जागा आहे. तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. पण तेवढ्याने चर्चा संपली नाही. नायट्रोजनवरही नियंत्रण हवं का, बाटलीतल्या प्रयोगांवर किती भिस्त ठेवायची, यावर पुढेही भरपूर लिहिलं गेलं. ते पेपर वाचताना ‘कोण काय म्हणालं’ यापेक्षा ‘किती ठामपणे आणि कशाच्या आधारावर म्हणालं’ हेच महत्त्वाचं ठरतं.

सगळ्यात प्रसिद्ध सावध वाक्य

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला. जेमतेम पानभराचा. त्याच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: ही जोड्यांची रचना जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल याचा एक संभाव्य मार्ग सुचवते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. दुहेरी नकार, त्यात ‘सुचवते’, त्यात ‘संभाव्य’. पाच आठवड्यांनी, ३० मे रोजी, त्याच नियतकालिकात त्यांनी हा मुद्दा वेगळ्या लेखात सविस्तर मांडला. आता ‘लेखकांनी डीएनएची नक्कल कशी होते हे सिद्ध केलं’ असा पर्याय समोर आला तर? सगळे शब्द जुळतात, पण उत्तर चूक.

परीक्षाही दिवसेंदिवस शब्द जुळवण्याच्या पलीकडेच विचारतात. गेटच्या जनरल अ‍ॅप्टिट्यूडमध्ये ‘यातून कोणता निष्कर्ष निघतो’ असे प्रश्न असतात आणि तिथे एमसीक्यू चुकलं तर गुण कापले जातात. जीआरईमध्ये तीन पर्याय देऊन ‘लागू असतील ते सगळे निवडा’ म्हणतात. त्यातला एक चुकला तरी गुण शून्य.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून?

मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना वाटतं की आपलं अडतं ते शब्दसंग्रहामुळे. मग हजार शब्दांच्या याद्या पाठ होतात. मला हे पटत नाही. वर मी जे शब्द चुकीचे वाचले ते ‘नॉट डिटेक्टेड’ होते. त्यात अवघड काय आहे?

आणि वजन ओळखणं तर आपल्याला घरातूनच येतं. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असावा’, ‘पाऊस पडला असेल’, ‘पाऊस पडला म्हणे’. ही चार वाक्यं एकच आहेत असं कुठलाही मराठी माणूस म्हणणार नाही. पहिलं पाहिलेलं, दुसरं ओल्या रस्त्यावरून काढलेलं, तिसरं नुसता अंदाज, चौथं ऐकीव. इंग्रजीत हीच कामं ‘शोज’, ‘सजेस्ट्स’, ‘मे’, ‘इज सेड टू’ करतात. शाळेत ‘खालील उतारा वाचून उत्तरे लिहा’ करताना आपण इंग्रजी वाक्याचा फक्त अर्थ मराठीत आणायला शिकलो, ‘असावा’ आणि ‘म्हणे’ वाटेत सांडून.

नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत असतो, म्हणून अडलं की काही जण हिंदी बाजू बघतात. बघा, पण निर्णय इंग्रजीवरून घ्या. अर्थाबद्दल शंका आली तर इंग्रजीच अंतिम धरतात. शिवाय पुढे पेपर इंग्रजीतच वाचायचे आहेत.

मग करायचं काय?

मी आता जे करते तेच सांगते. रोज आपल्या विषयातल्या एका पेपरचा फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट घ्या. वीस मिनिटं पुरतात. प्रत्येक वाक्यापुढे समासात तीन गोष्टी लिहा:

– कोण म्हणतंय? लेखक, की लेखक ज्यांच्याबद्दल बोलतोय ते?
– किती ठाम? ‘आहे’, ‘असावं’, ‘असू शकेल’, ‘म्हणे’ यांपैकी एक मराठी शब्द.
– कशावरून? मोजलं, पाहिलं, की गृहीत धरलं?

मग अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाकून दोन मराठी वाक्यांत सांगा. ‘असावं’चं ‘आहे’ झालं असेल तर परत वाचा.

परीक्षेचे जुने उतारे सोडवताना बरोबर उत्तरापाशी थांबू नका. उरलेले तीन पर्याय का चूक, ते लिहा. बहुतेक चुकीचे पर्याय चारच प्रकारचे असतात: लेखकापेक्षा जास्त बोलणारे (वरचा अ), कमी लेखणारे (ब), उताऱ्याबाहेरचं आणणारे (ड), आणि दुसऱ्याचं मत लेखकाच्या नावावर खपवणारे. हे चार ओळखायला लागलात की वेगही आपोआप येतो, कारण मग प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यात परत शोधाशोध करावी लागत नाही.

सहा मिनिटांत हे सगळं जमतं का? पहिल्या आठवड्यात नाही. म्हणूनच हा भाग शेवटी ठेवू नका.

माझ्या कॅडमियमच्या बाटल्या या उन्हाळ्यात भरल्या, आम्ल घालून. निकाल यायचे आहेत. काहीच आलं नाही, तर मी ‘नाही’ लिहिणार नाही. ‘अमुक मर्यादेपर्यंत सापडलं नाही’ असं लिहीन, आणि ती मर्यादा त्याच ओळीत देईन. उद्या तो तक्ता कुणीतरी माझ्यासारखंच घाईत वाचणार आहे.