कौल : भविष्यकथन की अनुज्ञा?

दैवी संकेतांवरून नित्याचे निर्णय घेण्याच्या प्रथांचा विचार बहुधा दोनच अंगांनी केला जातो. एक पक्ष त्यांस श्रद्धेचा विषय समजून चिकित्सेपलीकडे ठेवतो. दुसरा त्यांस भविष्यकथनाचा फसलेला प्रयत्न ठरवून निकालात काढतो. विरोध कितीही तीव्र असला, तरी एक गृहीतक दोन्ही पक्षांस समान आहे. देवाला विचारणे म्हणजे पुढे काय घडणार हे विचारणे, असे दोघेही धरून चालतात. दक्षिण कोकणात व गोव्यात रूढ असलेल्या कौलाच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, हे भाषेच्या साक्षीने तपासणे अगत्याचे आहे.

प्रथेचे बाह्य स्वरूप परिचित आहे. देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला तांदळाचे दाणे, पाने अथवा फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवितात. गुरव किंवा पुजारी गाऱ्हाणे घालतो, आणि कोणत्या बाजूचे दाणे वा पाकळी आधी पडते यावरून उजवा किंवा डावा कौल ठरतो. विहीर कोठे खणावी, सोयरीक करावी की नाही, लांबणीवर पडलेले कार्य यंदा उरकावे काय, असे विषय त्यापुढे येतात.

प्रथम शब्दाकडे पाहावे. घरावरचे ते कौल निराळे. देवाचा तो कौल पुल्लिंगी असून अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आलेला आहे. मुळात त्याचा अर्थ बोल, वचन. मराठी कागदपत्रांत तो राज्यव्यवहाराचा शब्द म्हणून वावरतो. उजाड झालेल्या गावी रयतेने परत यावे म्हणून राज्यकर्ता कौल देई. पहिली काही वर्षे सारा कमी घेऊन तो क्रमाक्रमाने वाढविण्याचे, म्हणजे इस्ताव्याचे, आश्वासन त्यात असे. शरण येणाऱ्यालाही अभयाचा कौल मिळे. इंग्रज अंमलदारांनीही हा शब्द उचलला, आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात तो लेखी करार व अभयपत्र याच अर्थांनी नोंदविलेला आहे. या सर्व प्रयोगांत भविष्यज्ञानाचा लवलेश नाही. कौल देणारा पुढचे जाणतो म्हणून नव्हे, तर त्याचा शब्द त्याला बांधून घेतो म्हणून कौलाला किंमत असते. देवाच्या दारी हाच शब्द रूढ झाला, याचा अर्थ उघड आहे. भक्त तेथे ज्योतिष्याकडे नव्हे, धन्याकडे गेलेला असतो. गाऱ्हाण्यातील ‘महाराजा’ हे संबोधन आणि जमलेल्यांचा ‘होय महाराजा’ हा प्रतिसाद याच नात्याचे द्योतक होत.

शब्दाहून अधिक बोलकी आहे ती वाक्यरचना. ‘हे काम तुझ्या मनास येत असेल, तर उजवा दे’, अशा धर्तीचे ते वाक्य असते. म्हणजे आधी संकेतार्थी उपवाक्य आणि मग आज्ञार्थ. प्रश्नार्थक वाक्य येथे नसतेच म्हटले तरी चालेल. ‘कोण’, ‘का’, ‘कधी’ यांस पाकळी उत्तर देऊ शकत नाही. तिच्यापुढे ठेवण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न दोन पर्यायांत उतरवावा लागतो. आजारपणाचे कारण शोधावयाचे असेल, तर राहिलेला नवस, कुलदेवतेची उपेक्षा, भाऊबंदकीतील अन्याय अशी यादी आधी माणसेच करतात. देव त्या यादीतून निवडतो. यादीत जे नाही ते देवाला सांगता येत नाही.

या दृष्टीने इव्हान्स-प्रिचर्ड यांचा अझांदे लोकांवरील 1937 चा ग्रंथ पुन्हा वाचण्याजोगा आहे. मध्य आफ्रिकेतील हे लोक कोंबडीला ‘बेंगे’ नावाचे विष पाजून कौल घेत. एका चाचणीत ‘असे असेल तर कोंबडी मरो’ म्हणावयाचे, आणि पडताळ्याच्या दुसऱ्या चाचणीत ‘तसे असेल तर जगो’, अशी ती द्विविध रचना होती. आपल्या मुक्कामात घरचे व्यवहार याच कौलाने चालविले व ती रीत इतर कोणत्याही रीतीइतकीच समाधानकारक वाटली, अशी कबुली ग्रंथकाराने दिली आहे. कौलाची वाक्ये त्याने काळजीपूर्वक टिपली. परंतु विवेचनाचा भर मात्र श्रद्धाव्यवस्थेच्या आंतरिक सुसंगतीवर राहिला. उत्तर चुकले तरी श्रद्धा का ढळत नाही, हे त्याने उत्तम उलगडले. तथापि त्याच ग्रंथातील दुसरी माहिती अधिक मोलाची ठरते. विषाच्या कौलापासून स्त्रियांना दूर ठेवलेले होते. तरुणांवर वडीलधाऱ्यांचा वचक त्यामुळे टिकत होता. आणि कज्ज्यांत राजाचा कौल अखेरचा मानला जाई. प्रश्न घालण्याचा अधिकार कोणाचा, यावर उत्तराचे वजन ठरत होते.

कौलाची खरी चिकित्सा येथूनच सुरू व्हावयास हवी. पाकळी यदृच्छेने पडते हे दाखविल्याने फारसे साधत नाही. यदृच्छा निदान निःपक्षपाती तरी असते. भावाभावांच्या वादात दोघांनाही मान खाली न घालता माघार घेता येते, ती तिच्याच बळावर. पक्षपात शिरतो तो पाकळी चिकटविण्याआधी, वाक्य घडते तेव्हा. सोयरिकीच्या कौलात ‘हे स्थळ करावे काय’ एवढाच विषय असेल, तर त्या वाक्यात मुलगी कर्तृपदी येतच नाही. तिची पसंती हा पर्यायच मांडला जात नाही. मग कौल उजवा पडो वा डावा, तिच्या दृष्टीने निकाल आधीच लागलेला असतो. श्रद्धावंत या टप्प्याकडे पाहत नाही, कारण त्याचे लक्ष देवाकडे असते. बुद्धिवादी पाहत नाही, कारण त्याचे लक्ष पाकळीकडे असते.

आज वृत्तपत्रे निवडणुकीच्या निकालास ‘जनतेचा कौल’ म्हणतात. हा प्रयोग केवळ आलंकारिक समजू नये. मतदाराने भविष्य वर्तविलेले नसते. त्याने शब्द दिलेला असतो, आणि तोही दुसऱ्यांनी मांडलेल्या पर्यायांतूनच. तेव्हा देवळातील असो वा मतपेटीतील, कौल काय लागला याआधी तो कोणत्या वाक्याला लागला आणि ते वाक्य कोणी रचले, हे विचारणे अभ्यासकाचे पहिले काम ठरते.