धसक्याला साहित्यात जागा कुठे?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारले की सन सांगता येत नसे. ‘रझाकाराच्या साली’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी’ असे उत्तर येई. ज्या काळाने माणसांच्या वयाची मोजदाद ताब्यात घेतली, त्या काळाने माणसांच्या मनाचे काय केले, हा प्रश्न मराठी साहित्याने विचारलेला नाही. सोयीचे नव्हते म्हणून विचारला नाही, असे माझे मत आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ तारखेला निजाम शरण आला. रणगाडे होते, विमाने होती, वर मेजर जनरल चौधरी होते. तरी या युद्धाचे नाव ‘पोलीस ॲक्शन’! युद्धाला युद्ध म्हटले नाही की युद्धाने मोडलेल्या माणसांची नोंद ठेवण्याची जबाबदारी आपोआप टळते. युरोपात १९१५ साली सैनिकांच्या थरथरीला ‘शेल शॉक’ हे नाव मिळाले. व्हिएतनामहून परतलेल्या शिपायांची स्वप्ने १९८० साली अमेरिकन डॉक्टरांनी रोग म्हणून मान्य केली. नांदेड-लातूरकडे यासाठी एक जुना शब्द आहे, ‘धसका’. धसका घेतलेले माणूस जेवत नाही, दार वाजले की दचकते, वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात झोपते. हा शब्द आमच्या बायांच्या बोलण्यात आहे, मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत शोधावा लागतो.

त्या पुस्तकांत काय आहे? २९ ऑक्टोबर १९४६ ला अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला, ते आहे. ३० जानेवारी १९४८ ची उमरीची बँक आहे, उमरखेडचा कॅम्प आहे. हे सारे खरे आहे आणि त्यांच्या धैर्याला कमी लेखण्याचे मला कारण नाही. अनंत भालेराव स्वतः त्या लढ्यातले. नांदेडचे नरहर कुरुंदकर यांनी निजामी राजकारणाची चिरफाड इतक्या स्वच्छपणे केली की आजही विद्यार्थ्याने ती आधी वाचावी. परंतु या लेखनात माणसे एक तर लढतात, नाही तर मरतात. रात्री जागणारी माणसे त्यात नाहीत. सरहद्द ओलांडून कॅम्पात गेलेला कार्यकर्ता दिसतो. मागे राहिलेली त्याची आई दिसत नाही, आणि महारवाडा तर मुळीच दिसत नाही. गावाची वेस या कथांत वारंवार येते. वेशीवरचा येसकर कुठे गेला? सांगावा घेऊन रात्रीबेरात्री पळणारा, दोन्ही बाजूंनी ज्याच्यावर संशय घेता येईल असा गावात तोच एक होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबादेतील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. त्याच वेळी बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते. वरचे हे राजकारण खालच्या झोपडीत पोचले तेव्हा त्याची फक्त भीती झाली असणार.

सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांबद्दल तर सार्वत्रिक मौन. रझाकारांचे अत्याचार सांगावेत, जरूर सांगावेत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील होता. पण पुढे त्याच लातुरात काय झाले? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये जिल्हे फिरली. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबादेत होते. मारले गेलेले बहुतांशी मुसलमान. त्यांना वाचवणारे हिंदूही होते, हेही अहवालात आहे. हा अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले. समितीला प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवण्यात आल्या होत्या. गावच्या विहिरीला आपण हात लावला तर ती बाटत होती, हे आपल्या प्रत्येक आत्मकथनात आहे. या विहिरींचे काय झाले, हे मात्र कोणाच्याच कथेत नाही.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून परागंदा झालेली हॅर्टा आणि तिचे कोसळलेले मन पांढरपेशा वाचकाला बोटीच्या डेकवर भेटले, आणि त्याने ते मनापासून जवळ केले. बेडेकरांचा दोष नाही. पण त्याच वाचकाला नऊ वर्षांनी नांदेडहून उमरखेडकडे निघालेल्या बैलगाड्या आणि लातुरातली ओस घरे यांत हॅर्टा ओळखता आली नाही. उर्दूत मंटोने ‘टोबा टेक सिंग’मध्ये फाळणीची गोष्ट वेड्यांच्या तोंडून सांगितली. आपल्याकडे हैदराबादवर तशी एक कथा कुणी लिहिली असती तर!

आता आपल्याकडे पाहू. दलित साहित्याने नकार दिला, विद्रोह दिला. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि याच जिल्ह्यांत पुन्हा वस्त्या पेटल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवे मारण्यात आले, कुटुंबे गाव सोडून गेली. त्यानंतरच्या आपल्या कवितेत मशाली आहेत, सूर्य आहे, वणवा आहे. ती गरज होती. पण भिणे म्हणजे कमीपणा, हा सरंजामी संकेत आपणही मुकाट्याने उचलला. मुक्तिसंग्रामाच्या लेखकाने धसका वगळला तो हुतात्म्यासाठी, आपण वगळला तो विद्रोहासाठी. शेतात दडून रात्र काढलेली बाई दोन्हीकडे बिनकामाची ठरली.

याला अपवाद शोधायचे तर आत्मकथनांकडे जावे लागते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधला अनाथ पोरगा घाबरतो आणि ते लपवीत नाही. काही समीक्षकांना हे पुस्तक सौम्य वाटले. मला त्यातला हा निर्भीड भित्रेपणा अनेक गर्जनांपेक्षा मोठा वाटतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) संतामायसोबत राहणारा दादा मुसलमान आहे. महारवाडा आणि मोहल्ला यांच्यातली ही जवळीक दलित लेखकाला घरातूनच ठाऊक आहे. म्हणून १९४८ चे लेखन त्याला जमेल, इतरांपेक्षा आधी जमेल.

वेळ मात्र फार उरलेला नाही. तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरे आज पंचाऐंशीच्या पुढे गेली आहेत. नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कंधार, बिलोली, उदगीर, औसा, निलंग्याच्या महारवाड्यांत, मांगवाड्यांत आणि मोहल्ल्यांतही पाठवावे. जाताना तारखांची यादी नेऊ नये. तारीख विचारली की म्हातारी माणसे १७ सप्टेंबरच्या भाषणातले ऐकवतात. त्या दिवसांत घरात कोण कुठे झोपत होते, हे विचारावे.