'गली बॉय'च्या गाण्यांतून काय गाळलं?

'गली बॉय'च्या गाण्यांवर आपल्यात बोलणं पुष्कळ झालं, लिहिणं कमी. बोलणंही दोन टोकांचं. पोट्टे म्हणतात, लय भारी. जुने कार्यकर्ते म्हणतात, "हे काय गाणं हाय का? नुसती बडबड हाय. वामनदादा कुठी आन् हे कुठी!" मला दोन्ही पटत नाही. म्हणून त्या अल्बमची झाडाझडती घ्यावी म्हणतो.

आधी बडबडीचं बघू. मी डाळ मिलवर काम करतो. चाळण्या सुरू झाल्या की तिथं आलाप चालत नाही. शब्द तोडून, ठेक्यावर फेकून मारावा लागतो, तेव्हा कुठं पलीकडच्या गड्याला ऐकू जातो. रॅप हे असंच गोंगाटात जन्मलेलं काम आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या जमैकन पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या लावल्या आणि गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. पुढं त्या ठेक्यावर लोक बोलू लागले. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ ला, इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती आणि ढसाळांचा 'गोलपिठा' आला होता. कोणी कोणाची नक्कल केली नाही. (पँथर हे नाव मात्र आपण तिकडून घेतलं, त्यात लाज कसली?)

दुसऱ्याची चाल घेऊन आपले शब्द घालणं तर आपल्याला नवं नाहीच. आंबेडकरी जलशाने तमाशाचं सगळं अंग उचललं, ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले. पण गणातला गणपती काढला, गवळणीतला कृष्ण काढला आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार बसवला. भीमगीतांनी सिनेमाच्या चाली अशाच वापरल्या. पांढरपेशा समीक्षक त्याला उसनवारी म्हणत राहिले. तेच अमेरिकेत काळ्या पोरांनी तबकड्यांचे तुकडे जोडून केलं, तेव्हा त्याला सॅम्पलिंग हे मानाचं नाव मिळालं.

आता 'गली बॉय'. झोया अख्तरचा हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१९ ला आला. अल्बममध्ये १८ तुकडे, संगीताची देखरेख अंकुर तिवारीची. या अल्बमची खरी कमाई ही की गाणी एकट्या संगीतकाराने स्टुडिओत बसून पाडली नाहीत. गल्लीतल्या पोरांना बोलावलं. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये बापाने दिलेल्या आयपॅडवर 'आफत' हे गाणं केलं होतं. अंधेरीच्या डिव्हाईनबरोबर त्याचं 'मेरे गली में' २०१५ ला आलं. सिनेमाची मुळं त्या दोघांच्या जगण्यात आहेत. आणि सिनेमात त्याच 'मेरे गली में'मध्ये रणवीर सिंगचा आवाज घातला. नटाने मेहनत घेतली आहे, गाणं पेललंही आहे. पण २०१५ चं मूळ गाणं काढून ऐका. त्या गल्लीला तिसऱ्या आवाजाची गरज नव्हती, गरज बाजाराला होती. 'दूरी'चंही तसंच. पोराच्या वहीतली कविता म्हणून जी येते तिच्यात डिव्हाईनबरोबर जावेद अख्तर यांचाही हात आहे. कविता बरी आहे, पण ड्रायव्हरच्या पोराची वही इतकी नीटनेटकी नसते.

मला सर्वांत आवडतं ते 'इंडिया ९१'. हे फार कमी लोकांना माहीत आहे की त्यात आपल्या अमरावतीचा 100 आरबीएच आहे. धारावीचा एमसी अल्ताफ आहे, गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड आहे, आणि खाली विवेक राजगोपालनचा मृदंग. देवळात आणि सभागृहात सोवळ्याने वाजलेलं ते वाद्य इथं गल्लीतल्या पोरांच्या शब्दांमागं पळतं. एवढं एक गाणं जरी या अल्बमने दिलं असतं तरी मी त्याला बरं म्हटलं असतं. तोडफोड २०२२ च्या मार्चमध्ये गेला. वय २४.

पण 'आझादी'पाशी माझं डोकं फिरतं. ही घोषणा बायकांच्या चळवळीत कमला भसीन यांनी रुजवली, अनेक मोर्चांतून फिरली. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, आणि त्याच वर्षी जेएनयूत कन्हैयाकुमारच्या तोंडून ती देशभर घुमली. तिच्यात मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता. डब शर्माने तेव्हाच तिचा ठेका बांधला. तीन वर्षांनी तेच गाणं सिनेमात आलं तेव्हा भूक राहिली, भेदभाव राहिला. मनुवाद आणि ब्राह्मणवाद गेले. जलशाने जे केलं त्याच्या हे बरोबर उलटं झालं. आम्ही प्रस्थापितांचं अंग घेऊन त्यातला देव काढला होता, यांनी आमच्या घोषणेचं अंग घेऊन त्यातला शत्रू काढला. भेदभाव राहिला, पण तो करणारा पळून गेला.

सिनेमाला पैसा लागतो, सेन्सॉर असतं, असं कोणी म्हणेल. मग पा. रंजितचा 'काला' बघा. जून २०१८, म्हणजे आठ महिने आधीचा. तीच धारावी, त्याच धारावीचे डोपअ‍ॅडेलिक्स हे रॅप करणारे पोरं, आणि नट रजनीकांत, म्हणजे पैसा काही कमी नव्हता. तिथं बुद्ध विहार दिसतो, शेवटी काळ्या-लाल रंगाबरोबर निळा उधळतो. अमेरिकेत पब्लिक एनिमीने १९८८ मध्ये जो अल्बम काढला, ज्याच्या कव्हरवर ते दोघे गजाआड उभे आहेत, तोही कंपनीच्याच पैशाचा. तरी काळ्यांचा शत्रू कोण हे त्यात धडधडीत ऐकू येतं. म्हणजे अडचण पैशाची नाही. ज्यांच्या घरात जात कधी दुखली नाही त्यांना ती गाण्यातून गाळताना हात थरथरत नाही.

स्वागत दणक्यात झालं. २०२० मध्ये १३ फिल्मफेअर, त्याआधी ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड. 'अपना टाइम आएगा' टी-शर्टवर छापून अकोल्याच्या बाजारात टांगलं गेलं. त्याच २०१९ मध्ये स्वदेसीच्या पोरांनी आरेच्या जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' काढलं, जमीन आणि झाडं कोणी गिळली हे थेट विचारणारं. त्याचा टी-शर्ट मी कुठं पाहिला नाही. जुन्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, रॅपला शिव्या देण्याआधी ते एकदा ऐका.

त्याच वर्षी १४ एप्रिलला जुन्या शहरातून मिरवणूक निघाली. मोर्णेच्या पुलाच्या अलीकडं डीजेवाल्याने सिनेमाचं 'आझादी' लावलं. पोट्टे नाचत होते. दुसऱ्या फेऱ्यात कोणीतरी गाळलेला मनुवाद ओरडला, मग पन्नास जणांनी ओरडला, मग ब्राह्मणवादही आला. दोन्ही शब्द ठेक्यात बरोब्बर बसले.