पुनरागमनाची लय : 'एक्स' आणि 'अल्फाबेटलँड'

दीर्घ मौनानंतर परतलेल्या कलावंताचे स्वागत करताना रसिकाच्या मनात कौतुकाइतकीच धास्तीही असते. आपल्याकडील ख्यालगायकाला वय आडवे आले, तर निदान विलंबिताचा आसरा घेता येतो. दमसास उणावला तरी स्वर मुरतो, आणि आपण त्या मुरण्यालाच दाद देतो. पंक रॉक या संगीतप्रकारात असा आसरा नाही. दोन-अडीच मिनिटांची गाणी, अतिद्रुत लय, मोजकी वाद्ये आणि घसा खरवडून निघालेला त्रागा, एवढाच त्याचा संसार. आणि तो बहुतांशी विशीतल्या मुलामुलींनी थाटलेला. लॉस एंजेलिसच्या 'एक्स' या बँडने 2020 च्या एप्रिलमध्ये 'अल्फाबेटलँड' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातील चौघांनीही साठी ओलांडली होती. गिटारवादक बिली झूम तर 72 वर्षांचा होता. तेव्हा या पुनरागमनाचा विचार करताना वयाचा प्रश्न टाळून चालणार नाही.

एक्झीन सर्व्हेन्का, जॉन डो, बिली झूम आणि ढोलवादक डी. जे. बोनब्रेक हे मूळ चौघे 1985 नंतर नव्या ध्वनिमुद्रिकेत एकत्र आले नव्हते. झूम बाहेर पडल्यावर उरलेल्यांनी इतरांना हाताशी धरून 1993 पर्यंत गाडा ओढला. पुढे चौघांचे जलसे पुन्हा सुरू झाले, जुनी गाणी वाजत राहिली. परंतु नवे काही निपजले नाही. ही गैरहजेरी रंगमंचावरची नव्हे, निर्मितीची होती, आणि ती अधिक बोचरी म्हटली पाहिजे.

या बँडचे मर्म त्याच्या दोन आवाजांत आहे. सर्व्हेन्का आणि डो यांची भेट झाली ती व्हेनिस या उपनगरातील 'बियाँड बरोक' या संस्थेच्या काव्यकार्यशाळेत. 1980 मध्ये त्यांनी लग्न केले. 1985 मध्ये ते विभक्त झाले. पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांत दोन आवाज बहुधा षड्ज-गांधाराच्या अंतराने, एकमेकांना सांभाळीत, गोडवा साधत चालतात. या दोघांत ते अंतर अनेकदा मध्यमाचे किंवा पंचमाचे असते. त्यामुळे त्यांचे सहगान मधुर न वाटता मोकळे, काहीसे ओसाड भासते. दोन माणसे एकाच घरात, परंतु निरनिराळ्या खोल्यांतून बोलत असावीत तसे. विवाह संपून पस्तीस वर्षे लोटल्यावरही 'अल्फाबेटलँड'मध्ये हे अंतर जसेच्या तसे ऐकू येते. आवाज जाड झाले आहेत, सर्व्हेन्काच्या स्वराची धार थोडी बोथटली आहे. तरीही कोणी कोणाला सावरून घेत नाही.

अकरा रचना आणि अवघी सत्तावीस-एक मिनिटे. 1980 ची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'लॉस एंजेलिस' हीदेखील अर्ध्या तासात आटोपत होती. साठीनंतर ही गती टिकवणे म्हणजे तारुण्याची नक्कल, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांला तो मान्य नाही. 1980 मध्येच सर्व्हेन्काची थोरली बहीण मोटार-अपघातात गेली, आणि 1982 च्या 'अंडर द बिग ब्लॅक सन'मध्ये तो शोक जलद लयीतही गायिला गेला. म्हणजे या मंडळींची द्रुत लय ही नुसती तरुणपणाची घाई कधीच नव्हती. शोक वाहून नेण्याची ती एक रीत होती. म्हणूनच सरत्या आयुष्याविषयी बोलण्यासाठी त्यांना आज पावले मंदावावी लागत नाहीत. 'वॉटर अँड वाइन'मध्ये कोणाच्या वाट्याला काय येते, ही जुनीच विषमता ते विचारतात, आणि त्यात प्रौढपणाचा उपदेश शिरत नाही. झूमचा सॅक्सोफोन तिथे येतो तो जवळजवळ थट्टेच्या सुरात.

दोन गाणी मात्र मुळात आरंभकाळातील आहेत : 'डेल्टा 88 नाइटमेअर' आणि 'सायरानो डी बर्जर्स बॅक'. यांपैकी दुसरे 1987 च्या ध्वनिमुद्रिकेत येऊन गेले होते. नव्या गाण्यांशेजारी त्यांचा सांधा दिसत नाही, हे कौतुकास्पद खरेच. पण इतक्या वर्षांनंतरच्या भेटीत जुनी शिदोरी सोडण्याचे कारण काय, हा प्रश्न राहतोच.

शेवटच्या 'ऑल द टाइम इन द वर्ल्ड'मध्ये सर्व्हेन्का गात नाही, बोलते. झूम पियानो वाजवतो आणि साथीला गिटार आहे 'द डोअर्स'च्या रॉबी क्रिगरची. 'एक्स'च्या पहिल्या चार ध्वनिमुद्रिकांचा निर्माता रे मॅन्झारेक हा त्याच 'डोअर्स'मधला. तो 2013 मध्ये वारला. ही जोडणी हृद्य आहे. रचना मात्र आधीच्या दहांच्या मानाने सैल वाटली. (काव्यवाचनाला पार्श्वसंगीत लावण्याची हौस सर्वत्र सारखीच दिसते.) तरीही त्या निवेदनात व्हेनिसच्या कार्यशाळेतील तरुणी कुठेतरी डोकावते, आणि तेवढ्यासाठी ते पुन्हा ऐकावेसे वाटते.

2024 च्या ऑगस्टमध्ये याच चौघांची 'स्मोक अँड फिक्शन' निघाली. ती आपली अखेरची, असे त्यांनीच जाहीर केले. तीही अर्ध्या तासाच्या आत संपते.