इस्लामी व्यापारनीती : संशोधनाची दिशा

इस्लामी व्यापारनीतीवर १९८० नंतर जे विद्यापीठीय लेखन झाले, त्यात तीन प्रवाह ठळकपणे दिसतात.

पहिला तत्त्वचिंतनाचा. रफिक बीकून यांचे १९९७ सालचे पुस्तक हा त्याचा नमुना. एकत्व, समतोल, इच्छास्वातंत्र्य, उत्तरदायित्व आणि परोपकार या पाच तत्त्वांवर त्यांनी व्यवस्थापकाची आचारसंहिता उभारली आहे. मांडणी सुबोध आहे. परंतु बाजार जसा असावा तसाच तेथे भेटतो, जसा आहे तसा क्वचितच.

दुसरा मोजणीचा. अब्बास अली यांनी १९८८ मध्ये इस्लामी कर्मनीती मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली आणि तिच्या आधारे पुढे अनेक अभ्यास झाले. प्रश्नावलीने माणूस कोणत्या तत्त्वास मान देतो ते कळते. ऋणकोचा हप्ता थकला म्हणजे तो कसा वागतो, हे मात्र कळत नाही.

तिसरा प्रवाह आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मुराबहा करारात बँक वस्तू खरेदी करून ठराविक नफ्याने ग्राहकास उधारीवर विकते. अशा व्यवहारांत कराराचे रूप जपले जाते, पण निषेधामागील हेतू हरवतो, अशी टीका महमूद अल-गमाल यांनी २००६ सालच्या ग्रंथात केली. खुद्द धर्मशास्त्रज्ञही गप्प बसले नाहीत. ग्राहकास उधारीवर दिलेली वस्तू बँकेनेच त्याच्या वतीने लगेच रोखीने विकून द्यावी, या 'संघटित तवर्रुक' पद्धतीस आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने २००९ मध्ये शारजा येथे अग्राह्य ठरविले.

यात आपण समाधान मानण्यासारखे काही नाही. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला. तरी पुढे ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी भागीदारी, विमा व नफ्याची विक्री असे तीन करार एकत्र गुंफून निश्चित परतावा मिळविलाच. शब्द पाळून हेतू चुकविण्याचा मोह कोणा एका धर्माचा नव्हे.

ऋणको अडचणीत असेल तर त्यास सवड द्यावी, आणि ऋण सोडून देणे अधिक श्रेयस्कर, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आमच्या मते संशोधनाची खरी कसोटी हीच. व्यापाऱ्यास त्याची श्रद्धा विचारून भागणार नाही. त्याच्या ऋणकोस त्याचा अनुभव विचारावा लागेल. आपल्या मंडळीतील पतपेढ्यांविषयी बोलतानाही धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी याच प्रश्नापासून आरंभ करावा.