दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

अंतरवाली सराटीत पारावर संध्याकाळी चार-पाच पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसलेली असतात. कपाशीच्या भावाच्या गप्पा एका बाजूला, ही पोरं दुसऱ्या बाजूला. मध्येच एक ओरडतो, "टॉमी उचल, टॉमी!" मी सहज विचारलं, तिला गोळ्या कोणत्या लागतात? "पॉइंट फोर्टीफाइव्ह, काका." उत्तर तंतोतंत बरोबर होतं, मी चाटच पडलो. ही बंदूक कुठली, असं पुढे विचारलं तर म्हणाला, "कुठली म्हणजे? गेममधली."

शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी बंदुकीचं अंबड तालुक्यातलं आजचं वास्तव्य एवढंच. त्यातून गाव असं, की पडद्यावर दिसणं म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको. वडीगोद्रीच्या पुढचं हे गाव २०२३ च्या १ सप्टेंबरपर्यंत जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला आणि दुसऱ्या सकाळपासून वाहिन्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या. गावाला शेती आहे, शाळा आहे, भांडणं आहेत, पण देशाच्या डोळ्यांत राहिली ती तेवढीच दृश्यं. कॅमेरा जे उचलतो ते उरतं. टॉमीचंही असंच झालं, आणि त्यात आपल्या मराठी कलांचा वाटा किती हा माझा प्रश्न आहे.

आधी बंदुकीची जन्मकथा. जॉन थॉम्पसन हा अमेरिकी लष्कराचा शस्त्रास्त्र खात्यातला अधिकारी. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे माणसं कापली जात होती. खंदकात उतरलेल्या एकट्या शिपायाला झाडू मारल्यासारखा खंदक साफ करता यावा असं हत्यार त्याला हवं होतं. 'खंदकाचा झाडू' हे नावही त्याचंच. १९१६ मध्ये त्याने ऑटो-ऑर्डनन्स ही कंपनी काढली. नमुने तयार होईपर्यंत युद्ध संपलं, आणि लढाईसाठी घडवलेली वस्तू शांततेच्या बाजारात येऊन पडली. १९२१ मध्ये कोल्ट कारखान्याने पंधरा हजार नग बनवून दिले. किंमत दोनशे डॉलर. लष्कर घेईना, पोलीस थोड्याच घेत. कंपनीने मग जाहिरात काढली, तिच्यात एक गुराखी घराच्या ओसरीत उभा राहून जनावरं पळवणाऱ्या चोरांवर टॉमी चालवतोय! जनावरांच्या चोरीवर मिनिटाला आठशे गोळ्या हा उपाय आपल्याकडच्या कुठल्या शेतकऱ्याला परवडला असता कोण जाणे. तिकडेही परवडला नाही. ते पंधरा हजार नग दुसरं महायुद्ध उंबरठ्यावर येईपर्यंत पुरले.

एवढी कमी खपलेली वस्तू एवढी प्रसिद्ध कशी झाली? १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात माणसं भिंतीला तोंड करून उभी केली गेली आणि त्यांच्यावर ती चालली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रं छापली. तीन वर्षांनी हॉवर्ड हॉक्सचा 'स्कारफेस' आला. त्यात दिवस सरल्याचं दाखवायला कॅलेंडरची पानं टॉमीच्या आवाजावर फाटत जातात. चित्रपटकलेच्या दृष्टीने हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बंदूक माणूस मारण्याचं काम सोडून वेळ मोजायला लागली. तिचा आवाज हेच एक पात्र झालं. १९३४ मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा बंदुकांवर दोनशे डॉलरचा कर बसवला, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या किमतीएवढा. पडद्यावर मात्र कर नव्हता. 'गॉडफादर' (१९७२) मधला टोलनाका, 'अनटचेबल्स' (१९८७), 'पब्लिक एनिमीज' (२००९). गोल डबीसारखं मॅगझिन दिसलं की प्रेक्षकाला वर्ष, शहर आणि माणसाचा धंदा एकदम कळतो. इतकं बोलणारी वस्तू पडद्यावर क्वचितच असते.

जुलै १९४० मध्ये चर्चिल तोंडात सिगार धरून हीच बंदूक हाताळताना छायाचित्रात आला. जर्मनांनी ते चित्र उचललं आणि पत्रकावर छापून त्याला गुंड ठरवलं. एकच छायाचित्र दोन्ही बाजूंना उपयोगी पडलं, कारण शिकागोचा सिनेमा दोन्ही बाजूंनी पाहिला होता.

इथपर्यंतची कथा कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडते. तिच्यातला मराठी तुकडा मात्र कुणी सांगत नाही.

१० जुलै १९४४, इटली, टायबर नदीच्या वरच्या अंगाचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे गेला. माणगाव तालुक्यातला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला, बावीस वर्षांचा पोरगा. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला तो घाडगे एकटा. तो मशीनगनवर धावून गेला, हातबाँब टाकून ती बंद पाडली, टॉमीने एकाला टिपलं. मग टॉमी रिकामी झाली. त्याने ती नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठेचून मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात तो मेला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या विधवेच्या हाती पडला.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीच्या बांधावर शिपाई नामदेव जाधव. हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, पहिल्या बटालियनचा. दोन जखमी सोबत्यांना त्याने पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून वाहून आणलं. मग परत जाऊन टॉमीने एक मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागली, टॉमी धरवेना. त्याने ती फेकून दिली आणि हातबाँबने आणखी दोन मोर्चे उडवले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली.

दोन्ही प्रसंगांत टॉमी मध्येच निकामी होते आणि खरी कथा तिथून पुढे सुरू होते. घाडगेची रिकामी झाली, जाधवची हातातून सुटली. हॉलिवूडने सत्तर-ऐंशी वर्षं दाखवलेली टॉमी मात्र कधी संपतच नाही. हिशेब करून पाहा. मिनिटाला सातशेच्या वेगाने वीस गोळ्यांचं मॅगझिन पावणेदोन सेकंदांत रिकामं होतं, तीसचं अडीच सेकंदांत. बंदुकीचं वजन रिकामीच पाच किलोच्या आसपास, आणि नुकत्याच चाललेल्या बंदुकीची नळी तापलेली असणारच. घाडगेने ती तशीच मुठीत धरली. या गोष्टीत शस्त्राबद्दल जेवढं ज्ञान आहे, तेवढं मी पाहिलेल्या कुठल्याही गुंडपटात नाही.

मग मराठी कलांनी हिचं काय केलं? काहीच नाही. आपल्या परंपरेला शस्त्र कळत नाही असं मात्र नाही. पोवाड्यातला शाहीर पट्टा कसा फिरतो, वाघनखं कुठे लपवतात, तलवार कधी उपसावी आणि कधी म्यान करावी हे सारं जाणून गातो. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मानही मिळाला. भाषेनेही तलवारीला किती क्रियापदं दिली! बंदुकीच्या वाट्याला रोखणं, ताणणं, झाडणं आलं आणि एक वाक्प्रचार आला, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा. आपल्या चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी तो शब्दशः पाळला. बंदूक चालवली, पण खांदा दुसऱ्याचा.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं दोन पिढ्यांना पाठ होती. त्यातलं पिस्तूल लंडनच्या धुक्यातून गिरगावात आलं होतं. वाचकाला ते चाललं, मलाही चाललं, कारण अर्नाळकरांना वेग ठाऊक होता आणि ते वास्तवाचा आव आणत नव्हते. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपने आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना लष्कराची गोडी लावली. एस.टी. स्टँडवर भाड्याने मिळणाऱ्या त्या पुस्तकांचं ऋण मी मानतो. पण दीपच्या हातातली गन नेमकी कोणती, जड की हलकी, हे कधी जाणवलं नाही. तोवर वर्तमानपत्रांनी एकच शब्द पक्का केला होता, स्टेनगन. स्टेन ही १९४१ ची ब्रिटिश बनावट, पुढे पोलिसांकडे आली ती कार्बाईन वेगळी, टॉमी आणखी वेगळी. मराठी बातमीत मात्र मंत्र्याच्या मागे उभा असलेला प्रत्येक जण स्टेनगनधारी. कुऱ्हाड, विळा आणि खुरपं एकच म्हणणाऱ्याला आपण शेतकरी म्हटलं नसतं.

चित्रपटांत दोनच अपवाद मला मोलाचे वाटतात. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) हा पहिला. चापेकर बंधूंच्या हातातलं पिस्तूल तिथे मिरवत नाही, ते मिळवावं लागतं, लपवावं लागतं, आणि नेम धरण्याआधी बराच काळ वाट पाहावी लागते. दुसरा हिंदी, पण हाडाने आपला, तो नाना पाटेकरांचा 'प्रहार' (१९९१). नानांनी त्यासाठी मराठा लाइट इन्फंट्रीत प्रशिक्षण घेतलं, चित्रपटाचा मोठा भाग बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणात घडतो, आणि शस्त्र हातात आल्यावर माणसाचे खांदे कसे बदलतात ते दिसतं. उत्तरार्धाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण तो खांदा नानांचा स्वतःचा होता. त्याच पलटणीच्या इतिहासात घाडगे आणि जाधव बसलेले आहेत. बेळगावपर्यंत गेलेला कॅमेरा तिथून इटलीला गेला असता तर!

बाकीचा मराठी पडदा धारदार लोखंडावर जगतो. 'फर्जंद', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' यांत तलवार, 'मुळशी पॅटर्न' (२०१८) मध्ये कोयता. कोयत्याचं मी समजू शकतो. विकलेल्या जमिनीतून उगवलेल्या गुंडाच्या हाती शेतातलंच अवजार यावं यात चित्रकाराची नजर आहे, आणि म्हणूनच तो कोयता महाराष्ट्रभर पोचला. नको तितका पोचला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर २०१५ मध्ये 'रझाकार' आला. सप्टेंबर १९४८ मध्ये जालन्यात निजामाच्या फौजेने भारतीय सैन्याला चिवट झुंज दिली. रणगाडे, शीख आणि जोधपूरचे जवान इथल्या रस्त्यांवर होते. दर १७ सप्टेंबरला झेंडा फडकवून आम्ही त्याची आठवण काढतो, पण त्या चार-पाच दिवसांचं जालना डोळ्यांपुढे उभं करील असं चित्र अजून कुणी काढलेलं नाही.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, दोन युद्धांच्या मधल्या काळाची आपली सर्वांत मोठी कादंबरी. नाव रणांगण, आणि घडते बोटीवर. युद्ध तिच्यात माणसांच्या नजरेत दिसतं. ही निवड कलावंताची आहे, तिला मी उणीव म्हणणार नाही. उणीव त्यांची, ज्यांनी गोळीबार दाखवला आणि माणूस दाखवला नाही.

मोबाईलच्या खेळाने हे टोक गाठलं आहे. पब्जीवर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर २०२२ मध्ये, नाव बदलून भाऊबंद परत आले. त्यात टॉमी आहे, १९३८ च्या जर्मन बंदुकीची लेक एमपी-४० आहे. पोरांना गोळीचा व्यास, मॅगझिनची क्षमता, पल्ला सारं पाठ. एका अर्थी मराठी चित्रपटापेक्षा हा खेळ अधिक अभ्यासू आहे, हे कबूल करताना मला बरं वाटत नाही. पण त्यातली बंदूक तापत नाही, जड होत नाही, आणि मेलेला पुढच्या डावात उठतो.

घाडगेचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्यांची थडगी सापडत नाहीत त्यांचं ते स्मारक. मोन्तोने गावात जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळही उभं राहिलं. सावलीने वेळ दाखवणारी वस्तू निवडणाऱ्या त्या गावाला मी दाद देतो. त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतरवाली सराटीत कॅमेरे आले. आपल्याकडे माणगावात त्याचा पुतळा आहे, पण चित्रपट नाही, नाटक नाही, माझ्या वाचनात एक धड कादंबरीही नाही. घाडगेवर कुणी चित्रपट काढणार असेल तर त्याने पहिली गोळी झाडण्याआधी शेवटची गोळी संपलेली दाखवावी. तेवढं जमलं तरी पुरे.

पारावरच्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली. दोघांनी मोबाईल खाली ठेवला, ही मी माझी कमाई समजतो. ज्याला गोळीचा व्यास पाठ होता तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग काका, त्यानं रिलोड का नाही केलं?"

मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मानपत्रात तसंच लिहिलेलं आहे.