थेंबांची भिंगे : लवचीक सूक्ष्मभिंगमालेच्या तंत्राची चिकित्सा

द्रवाच्या थेंबाचा भिंगासारखा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. स्टीफन ग्रे याने १६९६ मध्येच पाण्याच्या थेंबाचा सूक्ष्मदर्शक वर्णिला होता. अलीकडे पारदर्शक रबरी पटलावर द्रवाचे सूक्ष्म थेंब ओळीने बसवून, ते घट्ट करून, लवचीक भिंगमाला तयार केली जाते. हे तंत्र स्वस्त व सुलभ असल्याचे सांगितले जाते. एका थेंबापुरते हे खरे आहे. मालेबाबत मात्र ते तपासून घ्यावे लागते.

सुमारे २.७ मिलिमीटरपेक्षा पुष्कळ लहान असलेल्या पाण्याच्या थेंबात पृष्ठताण गुरुत्वावर मात करतो आणि पृष्ठभाग आपोआप गोलाकार होतो. घासणे नाही, पॉलिश नाही. वक्रता त्रिज्या १ मिलिमीटर असलेल्या सपाट-बहिर्वक्र थेंबाचे नाभीय अंतर ३ मिलिमीटर येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये सिलिकॉन रबराचा टांगता थेंब उष्णतेने घट्ट करून उत्तम भिंग मिळविले, तेही याच गुणावर.

अडचण थेंबाच्या जागेची आहे. कृष्णाखोऱ्यात, आष्ट्याच्या परिसरात, परसातल्या अळवावर पावसाचा थेंब जवळजवळ पूर्ण गोल दिसतो. पण अळवावरचे पाणी ठरत नाही, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. मालेसाठी थेंब ठरावा लागतो. म्हणून जलविरोधी पटलावर जलस्नेही ठिपके आखून थेंबाचा तळ बांधला जातो.

या बांधणीची किंमत मात्र क्वचितच हिशेबात धरली जाते. मोकळ्या थेंबाचा स्पर्शकोन कायम राहतो. त्यामुळे आकारमानात ५ टक्के फरक पडला तरी नाभीय अंतर जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी बदलते. तळ बांधलेल्या उथळ थेंबात तोच फरक थेट उंचीत उतरतो आणि नाभीय अंतर सुमारे ५ टक्क्यांनी बदलते. जागा निश्चित झाली, चूक तिप्पट झाली. शेकडो भिंगांनी एकाच प्रतलावर प्रतिमा द्यावयाची असेल, तर ही बाब क्षुल्लक नव्हे.

'लवचीक' या विशेषणाचीही तीच गत. उथळ रबरी भिंग पटलासह सर्व दिशांनी सारखेच ताणले गेले, तर तळ रुंदावतो, उंची घटते आणि नाभीय अंतर ताणाच्या चौथ्या घातात वाढते. ५ टक्के ताणास सुमारे २२ टक्के वाढ! नाभीय अंतर हवे तसे बदलावयाचे असेल तेथे हा गुण. वाकवलेल्या पृष्ठावर स्थिर प्रतिमा हवी असेल तेथे दोष. दोन्ही दावे एकाच दमात करता येत नाहीत.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत याची पडताळणी अवघड नाही. काचपट्टीवर समान आकाराचे दहा-बारा थेंब ठेवून चल सूक्ष्मदर्शकाने प्रत्येकाची प्रतिमा कोठे पडते ते मोजावे. पाण्याचे थेंब घेतल्यास घाई करावी लागेल : बाष्पीभवनाने ते मोजता मोजताच चपटे होत जातात.